‘घरच्यासारखी’

मराठी भाषेत जे गोड शब्द आहेत, त्यांत ‘घरच्यासारखी’ या शब्दाइतका गोड आणि तितकाच लबाड शब्द दुसरा क्वचितच सापडेल. आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गातील कोणत्याही गृहिणीस, आणि गृहिणीपेक्षाही गृहस्थास, त्यांच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईविषयी सहज विचारून पाहावे. ‘‘ती होय? ती आमच्या घरच्यासारखीच आहे!’’ हे उत्तर ठरलेले. हे सांगताना सांगणाराच्या मुद्रेवर जे सात्त्विक समाधान पसरते ते पाहिले म्हणजे ऐकणारास वाटावे की, जातिभेदाचा आणि वर्गभेदाचा प्रश्न निदान या एका स्वयंपाकघरात तरी कायमचा सुटला. परंतु त्या शब्दास जे ‘सारखी’ हे शेपूट लागले आहे तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. घरच्या माणसास कोणी घरच्यासारखे म्हणत नाही. आपल्या सख्ख्या आईची ओळख ‘ही मला आईसारखी’ अशी करून देणारा चिरंजीव अद्याप जन्मावयाचा आहे.

ती घरची नव्हे, म्हणून घरच्या माणसाचा हक्क तिला नाही. आणि घरच्यासारखी, म्हणून परक्या नोकराचाही हक्क तिला नाही. सणावाराला दहा पाहुण्यांची भांडी जादा पडली म्हणजे ती घरची असते, आणि चहाचा कप फडताळात वेगळा ठेवावयाचा झाला म्हणजे ती परकी असते. या दोन हक्कांमधल्या फटीत आपल्या देशातील लक्षावधी स्त्रिया आयुष्यभर उभ्या आहेत, आणि त्या फटीला आम्ही जिव्हाळा असे नाव दिले आहे. प्रस्तुत लेख जिव्हाळ्याच्या विरुद्ध नाही. जिव्हाळ्याच्या नावाने जो हिशेब बुडविला जातो त्याच्या विरुद्ध आहे.

दुसऱ्याच्या घरात डोकावण्यापूर्वी स्वतःच्या घरात डोकवावे हा न्याय आहे. म्हणून प्रथम आपलीच गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक बाई चौदा वर्षे कामाला आहेत. त्यांना आम्ही सर्वजण ‘मावशी’ म्हणतो. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या फाटकावरील पहारेकऱ्याने सर्व कामकरी मंडळींची नावे एका छापील पत्रकावर लिहून मागितली. पत्रक भरावयास मी बसलो, आणि नावाच्या रकान्यात ‘मावशी’ लिहिता येत नाही हे ध्यानात आले. त्यांचे पाळण्यातले नाव पत्नीस ठाऊक होते. आडनाव आम्हां दोघांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. माझ्या मुलांचे डबे, माझे सदरे आणि माझ्या घराची किल्ली ज्यांच्या हाती इतकी वर्षे होती, त्या माझ्या ‘मावशी’चे आडनाव मला पहारेकऱ्याच्या पत्रकासाठी विचारावे लागले.

त्याच वर्षी श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. भांडी अर्थातच जादा होती. परात घेऊन उठताना ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. आम्ही काय केले? क्ष-किरण चित्राचे आणि प्लास्टरचे पैसे दिले, अर्ध्या महिन्याचा पगार हातावर ठेवला, आणि त्या बऱ्या होईपर्यंत बदली बाई पाहिली. शेजारी आमच्या औदार्याची वाखाणणी झाली; मलाही आपण काही विशेष केले असे वाटले. आता या चित्राची दुसरी बाजू पाहा. त्यानंतर चारच महिन्यांनी माझ्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. मलाही सहा आठवडे घरी बसावे लागले. कचेरीने मला भरपगारी रजा दिली, आणि ती मी कोणाचेही आभार न मानता घेतली. कारण ती माझ्या हक्काची होती. मला दुखणे माझ्या घरी झाले, त्यांना माझ्या कामावर असताना झाले. तरीसुद्धा सहा आठवड्यांचा पूर्ण पगार मला, आणि अर्ध्या महिन्याची दया त्यांना! हा फरक कोणी केला? दैवाने नव्हे, बाजाराने नव्हे. माझ्या घरात तो मीच केला.

अर्थशास्त्रज्ञांनी या स्थितीस एक भारदस्त नाव दिले आहे. ते तिला ‘अनौपचारिक रोजगार’ म्हणतात. कीथ हार्ट या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने घाना देशातील आक्रा शहराच्या गरीब वस्तीत राहून असे पाहिले की, सरकारी कागद ज्यांना बेकार म्हणतात ते लोक प्रत्यक्षात दिवसभर घाम गाळीत असतात. फक्त त्यांच्या कामाची कोठे नोंद नसते. १९७१ साली त्याने हा विचार एका परिषदेत मांडला, १९७२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने तो शब्द उचलला, आणि तेव्हापासून तो जगभर रूढ झाला. त्यापूर्वी १९५४ साली आर्थर लुईस या विख्यात अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले होते की, मागासलेल्या देशांत शेतीत, किरकोळ व्यापारात आणि घरनोकरीत जी माणसे खच्चून भरली आहेत ती उद्योगधंदे वाढतील तसतशी तिकडे ओढली जातील. म्हणजे ही अवस्था बाल्यावस्थेसारखी आहे, देश वयात आला की ती आपोआप सरेल, अशी एक समजूत सर्वत्र पसरली.

ती सरली नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जी गणना प्रसिद्ध केली तीप्रमाणे जगात सुमारे २०० कोटी माणसे, म्हणजे कामकऱ्यांपैकी शेकडा ६१, अशा अनौपचारिक कामावर जगत होती, आणि त्यांतील शेकडा ९३ विकसनशील व उदयोन्मुख देशांत होती. आपल्याकडे अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००७ साली दाखवून दिले की, भारतातील शंभर कामकऱ्यांपैकी ९२ जणांस कामाची शाश्वती नाही आणि सामाजिक सुरक्षाही नाही. ज्यास आपण अपवाद म्हणत होतो तो नियम निघाला. ज्यास नियम म्हणत होतो, ती भरपगारी रजेची, भविष्यनिर्वाह निधीची आणि निवृत्तिवेतनाची नोकरी, हाच अपवाद निघाला. आणि तो अपवाद बहुशः तुमच्याआमच्या घरी नांदतो.

परंतु माझा खरा आक्षेप या शब्दाच्या व्याकरणावर आहे. ‘अनौपचारिक कामगार’ या शब्दप्रयोगात विशेषण कामगारास लागले आहे, जणू ते त्याच्या अंगचेच लक्षण आहे. जसा काळा, गोरा, उंच, ठेंगू, तसा अनौपचारिक! वास्तविक, नेमणुकीचा कागद न करणारा कोण? पगाराची पावती न देणारा कोण? रजा न ठरविणारा, विमा न उतरविणारा आणि ‘उद्यापासून येऊ नका’ हे तीन शब्द उच्चारून चौदा वर्षांची नोकरी संपविण्यास मोकळा असणारा कोण? तो कामगार नव्हे; तो मालक होय. तेव्हा शब्दच वापरावयाचा तर ‘अनौपचारिक मालक’ असा वापरावा, आणि मग आरशात पाहावे. घरकामाच्या क्षेत्रात हा मालक म्हणजे कोणी दूरचा भांडवलवाला नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून मासिकातील निबंध वाचणारा सद्गृहस्थ तोच आहे.

‘असंघटित’ या शब्दाचीही तीच कथा. त्यात एक गर्भित ठपका आहे की, या बायांना एकत्र येता येत नाही, मग त्यांचे काय होणार! ज्यांना असे वाटते त्यांनी १९८० सालचे पुणे आठवावे. त्या वर्षी या विद्येच्या माहेरघरातील मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे काम बंद केले. पगारवाढ आणि आजारपणाची रजा यांसाठी त्या रस्त्यावर आल्या, आणि त्या संपातून ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी राहिली. आम्ही सुशिक्षितांनी ‘मोलकरीण’ हा शब्द ओशाळून टाकून दिला होता आणि त्या जागी ‘बाई’ नाहीतर ‘मावशी’ बसविली होती. त्या स्त्रियांनी मात्र तोच शब्द आपल्या संघटनेच्या फलकावर लिहिला. शहाणपण कोणाकडे होते ते वाचकांनीच ठरवावे. कारण ‘मोलकरीण’ या शब्दात मोल आहे, ‘मावशी’ या शब्दात ते नाही. मावशीस कोणी पगार देत नाही. मावशीस साडी देतात.

आता आमच्या बाजूने जे युक्तिवाद नेहमी केले जातात त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिला युक्तिवाद औदार्याचा. ‘‘आम्ही त्यांना दिवाळीत साडी देतो, मुलाच्या शाळेची फी भरतो, अडीअडचणीला उचल देतो; हे कोणत्या कारखान्यात मिळते?’’ कारखान्यात हे मिळत नाही हे खरे. कारण कारखान्यात ते मागावे लागत नाही. दान आणि देणे यांत जो भेद आहे तो आपल्या धर्मशास्त्रासही ठाऊक होता आणि सावकारासही. दानास पात्रापात्रतेची परीक्षा असते. ते देणाराच्या मर्जीने येते, आणि मर्जी फिरली की बंद होते. देणे चुकविले तर मात्र तो गुन्हा होतो. आम्ही देण्याचे दानात रूपांतर केले आहे, आणि वर त्याचे पुण्यही पदरात पाडून घेत आहोत. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण याहून चपखल कोठे बसेल? उचलीची तर गोष्टच वेगळी. पोरीच्या लग्नाला घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या बाईस काम सोडता येत नाही आणि पगारवाढ मागता येत नाही. उपकाराची ही दोरी चांगली मऊ असते, एवढेच.

दुसरा युक्तिवाद खाड्यांचा. ‘‘हक्क कसले मागता? न सांगता दांड्या मारतात, ऐन वेळी तोंडघशी पाडतात!’’ तक्रार खोटी नाही. परंतु तिचे मूळ पाहावे. ज्यास रजा मागता येते तो रजा घेतो. ज्यास ती मागता येत नाही तो खाडा करतो. आदल्या दिवशी ‘उद्या येणार नाही’ असे सांगितले तर बोलणी बसणार आणि कदाचित पगारही कापला जाणार. न सांगता राहिले तर तेच होणार. मग सांगावे कशासाठी? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे मुंबईच्या गिरणीकामगारास १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. या गोष्टीस एकशे पस्तीस वर्षे होऊन गेली. त्या सुटीमुळे गिरण्या बुडाल्या नाहीत. त्या पुढे कित्येक दशके चालल्या, आणि बुडाल्या त्या निराळ्या कारणांनी. परंतु त्या गिरण्यांच्या शहरात सकाळी सहापासून पाच घरची भांडी घासणाऱ्या स्त्रीस आठवड्यातून एक ठरलेला दिवस आजही कायद्याने मिळत नाही. आमचा रविवार हा तिचा सर्वांत कामाचा दिवस असतो. कारण रविवारी आमच्याकडे पाहुणे येतात.

तिसरा युक्तिवाद परवडण्याचा. ‘‘आम्ही पगारदार माणसे, आमच्याच तोंडाशी हात जात नाही. आम्हांस काय गिरणीमालक समजता?’’ या म्हणण्यात काही तथ्य आहे, आणि ज्या घरात खरोखरच ओढाताण आहे त्याविषयी मी बोलत नाही. परंतु बहुतेक हक्कांस लागणारा खर्च पैशाचा नसतोच. महिन्याच्या चार सुट्यांस काय लागते? चार दिवस आपली भांडी आपण घासावी लागतात, इतकेच. लेखी चिठ्ठीस काय लागते? एक कागद. ज्या घरात मोटारीचा विमा दरसाल बिनचूक भरला जातो त्या घरास मोटार पुसणाराचा विमा परवडत नाही, हे अंकगणित मला तरी उमगत नाही. खरी अडचण खिशाची नाही, किंमत ठरविण्याची आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम घरातील स्त्रीने फुकट केले. म्हणून ते विकत घ्यावयाची पाळी आली तेव्हाही त्याची किंमत फुकटाच्या आसपासच ठरली. या प्रश्नावर गृहिणीस एकटीस दोष देणे हा मोठा अन्याय होईल. तिच्या डोक्यावरचा भार तिने दुसरीच्या डोक्यावर ठेवला. परंतु मुळात तो भार जिच्या वाट्याचा अर्धाच होता, तिचा उरलेल्या अर्ध्याचा भागीदार वर्तमानपत्राआड बसून राहिला. पगार देण्याघेण्याची बोलणी दोन स्त्रियांत होतात, भांडण दोन स्त्रियांत होते, आणि घरातील पुरुष ‘हा बायकांचा मामला’ म्हणून नामानिराळा राहतो.

चौथा युक्तिवाद घराच्या पावित्र्याचा. ‘‘घर म्हणजे कारखाना नव्हे, कायद्याने उंबरठ्याच्या आत येऊ नये.’’ हा युक्तिवाद नुसता आमच्या तोंडी नाही. तो कायद्याच्या पुस्तकातही जाऊन बसला आहे. २०२० सालच्या औद्योगिक संबंध संहितेत ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येतून घरकाम स्पष्ट शब्दांनी वगळले आहे. परंतु कायदा उंबरठ्याच्या आत येत नाही हे खरेच आहे काय? चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवण्यास २००६ साली बंदी झाली. तेव्हा कायदा स्वयंपाकघरापर्यंत आला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्याने खाजगी घर हेही कामाचे ठिकाण मानले आणि घरकामगार स्त्रीस नावाने संरक्षण दिले. विजेचा मीटर वाचणारा दर महिन्यास दाराशी येतो, म्हणून कोणाचा गृहस्थाश्रम भ्रष्ट झाल्याचे ऐकिवात नाही. ज्या घरात एक माणूस पगारावर राबतो, ते घर तेवढ्या वेळेपुरते कामाचे ठिकाण असते. हे सत्य कटू असेल, पण त्यात पावित्र्यभंग कसला?

पाचवा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे, आणि तो अर्थशास्त्राचा पोशाख घालून येतो. ‘‘हक्क दिले तर कामे जातील; नुकसान त्यांचेच होईल.’’ याचे उत्तर अनुभवाने द्यावयाचे, तर ज्या देशांनी हे करून पाहिले त्यांच्याकडे वळले पाहिजे. आणि ते देश आपल्याइतकेच विषमतेने ग्रासलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेने २००२ साली घरकामगारांचे किमान वेतन, कामाचे तास आणि रजा कायद्याने ठरविल्या. ज्या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रयोगाचा अभ्यास केला त्यांना असे आढळले की, वर्षासव्वावर्षात वेतने सुमारे शेकडा २० वाढली, आणि कामे त्या मानाने घटल्याचा ठळक पुरावा मिळाला नाही. कायद्याची देखरेख ढिली होती, पुष्कळांनी तो पाळला नाही. तरीसुद्धा केवळ ‘हा तिचा हक्क आहे’ असे जाहीर झाल्याने वेतनाचा पारा चढला. फिलिपाइन्सने २०१३ साली लेखी करार आणि आठवड्याची सुटी बंधनकारक केली. ब्राझीलने त्याच वर्षी थेट राज्यघटना दुरुस्त करून घरकामगारांस इतर कामगारांच्या पंक्तीस बसविले, आणि २०१५ सालच्या कायद्याने मालकाने भरावयाच्या सर्व वर्गण्या एकाच मासिक भरण्यात आणून ठेविल्या.

या ठिकाणी प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ब्राझीलचा कायदा आठवड्यात दोनांहून अधिक दिवस एकाच घरी काम करणारीस लागू होतो. म्हणून पुष्कळ घरांनी बाईस दोनच दिवस बोलावण्याची पळवाट काढली. आपल्याकडे तर एकेक बाई पाच पाच घरी तासातासाने काम करते. तिचा मालक कोणता? पाचांपैकी भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावा? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. ते उत्तर याच महाराष्ट्राने १९६९ साली देऊन ठेविले आहे.

मुंबईच्या घाऊक बाजारात माथ्यावर ओझी वाहणारा माथाडी हाही असाच बिनमालकाचा माणूस होता. सकाळी एका पेढीची पोती, दुपारी दुसऱ्याच्या गोदामातील लोखंड, संध्याकाळी तिसऱ्याची मालमोटार; दिवसाला तीन धनी, आणि दुखण्याखुपण्याला एकही नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हे हमाल संघटित झाले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी पण अपूर्व होती. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ. हमाल आणि व्यापारी या दोघांचीही त्यात नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरावयाची आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही द्यावयाची. मंडळ मजुरी चुकती करते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा व औषधोपचार चालतात. मग धनी तीन असोत की तीस! प्रत्येकाच्या हिश्शाचा पैसा एका ठिकाणी गोळा होतो, आणि हमालास जन्मात प्रथमच एक कायमचा पत्ता मिळतो. व्यापाऱ्यांनी या कायद्याशी न्यायालयात झुंज दिली. बाजार मात्र बुडाला नाही. पुढे माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे टोळभैरवही निपजले हे खरे आहे, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु पिकात तण माजले म्हणून पेरणीच चुकीची होती असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

मग हीच युक्ती मोलकरणीस का लागू नाही? पाच घरांनी आपापल्या पगारावर ठरावीक टक्के एका मंडळात भरावे, यात अशक्य ते काय आहे? ज्या काळात भाजीवालाही भ्रमणध्वनीवरून क्षणात पैसे घेतो, त्या काळात पाच घरांचा हिशेब ठेवता येत नाही ही सबब लंगडी आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु त्या कायद्यात प्रसूतीस साहाय्य आहे, अंत्यविधीस साहाय्य आहे. आणि या दोन टोकांच्या मध्ये जे आयुष्य असते, त्यातील कामाचे तास, किमान वेतन आणि साप्ताहिक सुटी यांविषयी तो मौन पाळतो. बाईचे कल्याण सरकारने करावे, मालकाच्या मात्र कोटाच्या खिशास हात लागू नये, अशी ही रचना आहे. १९५९ सालापासून संसदेत घरनोकरांसाठी विधेयके येत आली आणि विरत गेली. २०११ साली जिनीव्हा येथे घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय करार संमत होताना भारताने अनुकूल मत दिले, आणि पुढील दशकभरात त्याचे अनुसमर्थन काही केले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास केंद्र सरकारला सांगावे लागले की, या वर्गासाठी कायदा करण्याचा विचार करावयास समिती नेमा. पासष्ट वर्षांनंतर विचार करण्याचा विचार! ही दिरंगाई कोणाच्या सोयीची आहे? कायदे करणारे, ते राबविणारे, त्यांवर अग्रलेख लिहिणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे, या सर्वांच्या घरी सकाळी सात वाजता एकच घंटा वाजते. आपल्या देशात बहुधा दुसरा असा कायदा नाही की ज्याच्या विरोधी पक्षात सर्व पक्षांची स्वयंपाकघरे एकत्र बसली आहेत.

दक्षिण आफ्रिकेतील एक घटना सांगितल्यावाचून मला राहवत नाही. मारिया महलांगू नावाची एक स्त्री प्रिटोरिया शहरात एकाच घरी बावीस वर्षे कामाला होती. तिची दृष्टी अधू होती, तिला पोहता येत नव्हते. ३१ मार्च २०१२ रोजी मालकाच्या घराच्या खिडक्या पुसताना ती पाय घसरून तेथल्या पोहण्याच्या तलावात पडली आणि बुडाली. तिच्या मुलीस देऊ करण्यात आलेली रक्कम ५,००० रँड होती. कामगारांच्या अपघाताचा कायदा तेथे होता. पण घरकामगार त्यातून वगळलेली होती. मुलगी लढत राहिली, आणि १९ नोव्हेंबर २०२० रोजी तेथील घटना-न्यायालयाने ते वगळणे घटनाबाह्य ठरविले. आपल्याकडे कामावर इजा झालेल्या कामगारास भरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला. शंभर वर्षे उलटून गेली. माझ्या स्वयंपाकघरातील ओल्या फरशीपर्यंत तो पोहोचला नाही. बावीस वर्षे त्या घरीही कोणीतरी तिला ‘घरच्यासारखी’ म्हणत असेल काय, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

कायदा होईल तेव्हा होईल; तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. येत्या एक तारखेपासून प्रत्येक सुशिक्षित घरास पुढील गोष्टी करता येतील. एका कागदावर बाईचे पूर्ण नाव, आडनावासह, लिहावे. काम कोणते, किती वेळ, पगार किती, तो दरवर्षी किती वाढणार, हे लिहावे. आठवड्यातून एक दिवस सुटी, वर्षातून ठरावीक भरपगारी आजारपण, आणि काम बंद करावयाचे झाल्यास एक महिन्याची सूचना किंवा एक महिन्याचा पगार, हे लिहावे. खाली दोघांच्या सह्या, आणि एक प्रत तिच्यापाशी. एका इमारतीतील दहा घरांनी हे केले तर अकराव्यास लाज वाटेल. लाज हीही समाजात एक प्रकारची कायद्याची पूर्वतयारी असते. साडी हवी तर द्यावी. पण ती पगाराच्या वर, पगाराच्या ऐवजी नव्हे. आणि आमच्या संघटनांनी, महिला मंडळांनी, गृहनिर्माण संस्थांनी सरकारपाशी एकच मागणी करावी: माथाडीस जे १९६९ साली दिले ते मोलकरणीस द्या, आणि त्याची लेव्ही आमच्याकडून घ्या. ‘आमच्याकडून घ्या’ असे मालकच म्हणू लागले तर त्या विधेयकास किती दिवस अडवून धरता येईल?

शेवटी माझ्या अपुऱ्या गोष्टीचा शेवट सांगितला पाहिजे. गतवर्षी मी वही काढून त्या सहा आठवड्यांचा हिशेब केला, दिलेला अर्धा महिना वजा केला, आणि उरलेली रक्कम एका पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी विचारले, ‘‘हे कशाचं, काका?’’ मी म्हटले, ‘‘मागे हात मोडला होता ना तुमचा, त्या रजेचं.’’ त्या पाकिटाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘मग आता पुढच्या पगारातनं कापणार का?’’

चौदा वर्षांत आम्ही त्यांना खूप काही दिले होते. साड्या दिल्या, फराळ दिला, उचल दिली. आपले पैसे आपले असतात, ही एवढीच गोष्ट त्यांच्या अनुभवास येऊ दिली नव्हती. घरच्यासारखी म्हणावयाचे ते हेच असेल, तर तो शब्द आपण आता आपल्या घरातून काढून टाकावा, आणि त्या जागी एक साधी, सहीची चिठ्ठी ठेवावी.